तुमचं काम लिंक्डइनवर दिसतंय का?

चाकण किंवा रांजणगावच्या एखाद्या ऑटो पार्ट्स कंपनीला क्वालिटी इंजिनिअर हवा असतो, तेव्हा कंपनीचा एचआर किंवा त्यांनी नेमलेली कन्सल्टन्सी जाहिरात तर देतेच. पण जाहिरातीला ढिगाने अर्ज येतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा त्या कामाशी काडीचाही संबंध नसतो. मग भरती करणारा माणूस स्वतःच शोधायला बसतो. लिंक्डइन त्यासाठी कंपन्यांना ‘रिक्रूटर’ नावाचं वेगळं साधन पैसे घेऊन देतं. त्यात तो पदाचं नाव टाकतो, ठिकाण टाकतो, अनुभवाची वर्षं टाकतो आणि मग कामाचे शब्द टाकतो : पीपॅप, एफएमईए, एसपीसी, सीएमएम. समोर यादी येते. त्या यादीत प्रत्येकाचा छोटा फोटो, नाव, नावाखालची एक ओळ, ठिकाण आणि आत्ताचं-आधीचं पद एवढंच ठळक दिसतं. तेवढ्यावर नजर फिरवून तो ठरवतो, हे प्रोफाइल उघडायचं की पुढे सरकायचं.

पाच-सहा वर्षं हेच काम इमानाने करणारी, ऑडिटच्या आदल्या रात्री उशिरापर्यंत कंपनीत बसणारी कितीतरी मुलंमुली या यादीत येतच नाहीत. त्यांच्या प्रोफाइलवर कंपनीचं नाव, ‘इंजिनिअर’ हा शब्द आणि कॉलेजचं नाव याखेरीज काहीच नसतं. काम त्यांनी केलेलं असतं, लिहिलेलं नसतं. भरतीच्या क्षेत्रात वावरताना मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती याची. लिंक्डइन २००३ साली सुरू झालं, २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतलं आणि आज एकट्या भारतात त्याचे दहा कोटींहून जास्त सदस्य आहेत. एवढ्या गर्दीत ज्याने लिहिलं नाही, तो कोणाला सापडणार?

आपल्या घरांतून एक वळण असतं. काम करावं, बोलू नये. आपलीच टिमकी आपण वाजवू नये. वळण चांगलं आहे, ते मोडा असं मी म्हणणार नाही. पण केलेल्या कामाची नोंद ठेवणं म्हणजे टिमकी वाजवणं नव्हे. ‘मी अतिशय मेहनती, जिद्दी आणि नेतृत्वगुण असलेला उमेदवार आहे’ ही टिमकी. ‘प्रेस शॉपमधल्या १२ मशिनवर एसपीसी सुरू केलं’ ही नोंद. पहिलं वाक्य वाचून कोणी थांबत नाही. दुसरं वाचलं की पुढचा प्रश्न मनात येतो : कसं केलं, कोणत्या पार्टवर केलं? तो प्रश्न आला की फोन येतो. विशेषणं काढा आणि काम लिहा, एवढं एक सूत्र धरलं तरी निम्मी लढाई जिंकली.

सुरुवात नावाखालच्या ओळीपासून करू, कारण यादीत नावाबरोबर तीच वाचली जाते. तिथे मोकळ्या जागा धरून २२० अक्षरं मावतात. आपण काही लिहिलं नाही तर लिंक्डइन तिथे आपोआप पद आणि कंपनीचं नाव टाकतं, आणि बहुतेकांचं तेच राहून जातं. काही जण ‘सीकिंग अपॉर्च्युनिटीज’ लिहितात. त्यातून नोकरी हवी आहे एवढंच कळतं, कोणती ते कळत नाही. वर सांगितलेल्या क्वालिटी इंजिनिअरने अशी ओळ लिहावी : ‘क्वालिटी इंजिनिअर, ऑटोमोटिव्ह मशीनिंग आणि प्रेस पार्ट्स | पीपॅप, एफएमईए, एसपीसी, एट-डी | आयएटीएफ १६९४९’. यात पद आहे, उद्योग आहे, हातातली कामं आहेत आणि त्या उद्योगात लागणारं मानक आहे. शोधणारा जे शब्द टाइप करतो तेच शब्द इथे आहेत. हिशेब खात्यात काम करणाऱ्या मुलीने याच चालीवर लिहावं : ‘अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह, मॅन्युफॅक्चरिंग | टॅली प्राइम, जीएसटी रिटर्न, टीडीएस, बँक रिकन्सिलिएशन’. ही ओळ इंग्रजीतच लिहा. लिंक्डइनचे मेनू आता मराठीतही दिसतात, ते वापरायला खुशाल मराठी ठेवा. पण रिक्रूटर शोध इंग्रजी शब्दांनीच घेतो.

पदाच्या नावाचा एक घोळ नेहमी दिसतो. कंपन्या आतल्या आत ‘ऑफिसर ग्रेड टू’, ‘असोसिएट लेव्हल थ्री’, ‘जीईटी’ अशी पदं देतात. बाहेर ती कोणी शोधत नाही. म्हणून कोणी मनाने मोठं पद लिहून टाकतं, आणि ते त्याहून वाईट. नोकरी देण्याआधी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन होतं, रिलीव्हिंग लेटरवरचं पद आणि प्रोफाइलवरचं पद ताडून पाहिलं जातं. सरळ मार्ग असा : नेमणूकपत्रातलं पद तसंच ठेवा आणि त्याला जोडून कामाचं चलनातलं नाव लिहा, उदाहरणार्थ ‘ऑफिसर ग्रेड टू, सप्लायर क्वालिटी’. लघुरूपांचंही तेच. प्रोफाइलमध्ये एके ठिकाणी ‘सीएमएम’ आणि दुसरीकडे ‘कोऑर्डिनेट मेजरिंग मशिन’ असं दोन्ही येऊ द्या, कारण शोधणारा त्यातलं कोणतं टाइप करील हे आपल्या हातात नाही.

आता अनुभवाच्या रकान्याकडे येऊ. माझ्या मते सगळ्या प्रोफाइलचा जीव इथे आहे आणि नेमका हाच रकाना लोक घाईत भरतात. बहुतेकांच्या प्रोफाइलवर अशा ओळी असतात : ‘ग्राहकांच्या तक्रारी हाताळणे, इन-प्रोसेस इन्स्पेक्शन, रोजचं रिपोर्टिंग.’ हे त्या खुर्चीवर बसणाऱ्या कोणाचंही काम झालं. तुम्ही तिथे असताना काय घडलं, ते यातून समजत नाही.

त्याच माणसाला समोर बसवून विचारा, गेल्या वर्षी सगळ्यात जास्त डोकं कशाने खाल्लं? तो लगेच सांगू लागतो. एका हाउसिंगचा बोअर मापाखाली जात होता, ग्राहकाच्या असेम्ब्ली लाइनवर पार्ट अडकत होते, तिकडून रोज फोन. एट-डी, म्हणजे तक्रारीचं मूळ कारण टप्प्याटप्प्याने शोधणं, करायला घेतलं. मशिन तपासलं, गेज तपासलं, सगळं ठीक. शेवटी तीन पाळ्यांचे रिपोर्ट शेजारी-शेजारी ठेवले तेव्हा लक्षात आलं की बाद पार्ट रात्रपाळीतले आहेत. दुसऱ्या पाळीत इन्सर्ट बदलला की ऑपरेटर ऑफसेट द्यायचा, पण पाळी बदलताना ते पुढच्या माणसाला सांगितलं जात नव्हतं आणि तो पुन्हा आपला ऑफसेट द्यायचा. मग मशिनजवळ ऑफसेटची नोंदवही ठेवली, इन्सर्ट बदलल्यावर पहिल्या नगाची एअर गेजवर तपासणी सक्तीची केली. त्यानंतर सहा महिने त्या पार्टची तक्रार आली नाही.

हे बोलताना त्याचा चेहरा खुललेला असतो, आणि प्रोफाइलवर मात्र ‘ग्राहकांच्या तक्रारी हाताळणे’! हीच हकिगत तीन ओळींत उतरवायची. पहिल्या ओळीत अडचण : मशीनिंग केलेल्या हाउसिंगचा बोअर मापाखाली, त्यामुळे ग्राहकाच्या लाइनवर रिजेक्शन. दुसरीत काय केलं : एट-डी, पाळीनिहाय विश्लेषण, ऑफसेटची नोंद, पहिल्या नगाची तपासणी. तिसरीत परिणाम : सहा महिने शून्य तक्रार. क्वालिटी विभागाच्या प्रमुखाने या तीन ओळी वाचल्या की त्याला कळतं, हा मुलगा मूळ कारणापर्यंत जातो. असं सांगण्यासारखं काम प्रत्येक नोकरीत दोन-तीन ठिकाणी तरी असतंच.

परिणामाचा आकडा असेल तर जरूर द्या. नसेल तर कामाचा आवाका द्या : किती मशिन, किती माणसं हाताखाली, महिन्याला किती बिलं, किती पुरवठादार. ‘जीएसटीचं काम पाहते’ यापेक्षा ‘दोन प्लांटचं जीएसटीआर-१ आणि ३बी, महिन्याला साधारण ४०० खरेदी बिलं, इनपुट क्रेडिटची जुळणी’ हे वाचणाऱ्याला कितीतरी जास्त सांगून जातं. आणि काम टीमने केलं असेल तर तसंच लिहा, त्यातला आपला वाटा स्पष्ट करा. मुलाखतीत दोन प्रश्नांतच खरं काय ते बाहेर येतं.

इथे एक सांभाळायचं. ग्राहकाचं नाव, ड्रॉइंग, पार्ट नंबर, शॉप फ्लोअरचे फोटो, कंपनीचे आतले दर यातलं काहीही प्रोफाइलवर जाता कामा नये. नोकरीला लागताना गोपनीयतेच्या कागदावर सही केलेली असते. शंका आली तर थेट आकड्याऐवजी टक्केवारी द्या, आणि तीही उघड करण्यासारखी नसेल तर नुसती हकिगत लिहा.

‘अबाउट’ म्हणजे स्वतःविषयीचा मजकूर लिहिताना अनेकांचा हात अडतो. तिथे २,६०० अक्षरं मावतात, पण पाहणाऱ्याला सुरुवातीच्या तीन-चार ओळीच दिसतात. पुढचं वाचायला ‘सी मोअर’ दाबावं लागतं. तेव्हा त्या पहिल्या ओळी ‘मी लहानपणापासून जिज्ञासू’ अशा मजकुरात घालवू नका. एक उपाय सुचवतो. याच उद्योगात मुरलेल्या एखाद्या मामाने किंवा काकाने विचारलं, ‘सध्या नेमकं काय करतोस रे?’ तर त्यांना जे मराठीत सांगाल ते आधी कागदावर लिहा : ‘सात वर्षं झाली मामा, ऑटो पार्ट्सच्या क्वालिटीत आहे. आधी इन-प्रोसेस बघायचो, आता सप्लायर क्वालिटी बघतो. पंधरा-वीस व्हेंडर आहेत, बहुतेक भोसरी आणि कोल्हापूरचे.’ यात वर्षं आली, उद्योग आला, बढती आली, आवाका आला. हेच साध्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत लिहा आणि शेवटी पुढे कोणतं काम करायची इच्छा आहे ते एका वाक्यात सांगा.

इंग्रजी तपासायला एआयची मदत घ्यायला हरकत नाही. मात्र ‘अबाउट लिहून दे’ म्हणून सगळं त्याच्यावर सोपवलं तर ‘डायनॅमिक प्रोफेशनल विथ अ प्रूव्हन ट्रॅक रेकॉर्ड’ छापाचा मजकूर येतो, आणि तसाच तो हजारोंच्या प्रोफाइलवर असतो. शिवाय फोनवर बोलताना त्या भाषेत आपल्याला बोलता येत नाही, ही तफावत ऐकणाऱ्याच्या लगेच लक्षात येते.

नुकतीच पदवी किंवा डिप्लोमा झालेल्यांनी अनुभवाचा रकाना रिकामा सोडू नये. अप्रेंटिसशिप, इन-प्लांट ट्रेनिंग, सुट्टीत मामाच्या वर्कशॉपवर केलेलं काम, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट हे सगळं लिहिण्यासारखं आहे. फक्त प्रोजेक्टचं नुसतं शीर्षक देऊन थांबू नका. चौघांच्या गटात डिझाइन कोणी केलं, वेल्डिंग कोणी केलं, खर्चाचा हिशेब कोणी ठेवला? तुमच्या वाट्याला आलं ते लिहा.

घरच्या जबाबदारीमुळे मध्ये काही वर्षं नोकरी सोडलेल्या बायकांनी मला अनेकदा विचारलंय, ‘ती वर्षं लपवायची कशी?’ लपवायचीच कशाला? लिंक्डइनने २०२२ पासून ‘करिअर ब्रेक’ अशी वेगळी नोंद अनुभवाच्या रकान्यात दिली आहे. तिथे मुलांचं संगोपन, घरच्यांची काळजी, स्थलांतर अशी कारणं निवडता येतात. वर्षं लिहा, कारण एका ओळीत लिहा, आणि त्या काळात कोर्स केला असेल, घरून कोणाची खाती सांभाळली असतील, सोसायटीचा हिशेब पाहिला असेल, तर तेही लिहा. तारखांची ओढाताण करून झाकलेली पोकळी सापडते तेव्हा माणसाच्या सगळ्याच बोलण्यावर शंका येते. सांगितलेली पोकळी समजून घेतली जाते, निदान समंजस कंपनीत.

स्किल्सच्या यादीत १०० पर्यंत नावं घालता येतात म्हणून शंभर घालू नयेत. जी कामं अनुभवाच्या रकान्यात दिसतात तीच घ्या आणि सगळ्यात महत्त्वाची वर आणून ठेवा. मित्रांनी एकमेकांना दिलेल्या एंडोर्समेंटला मी फारसं महत्त्व देत नाही. जुन्या साहेबांनी लिहिलेल्या शिफारशीला मात्र वजन असतं. ती मागायला संकोच वाटतो, कारण काय लिहायचं हा भार त्यांच्यावर पडतो. तो भार कमी करा. व्हॉट्सअ‍ॅपवर असं लिहिता येईल : ‘सर, नमस्कार. मी लिंक्डइन प्रोफाइल नीट करतोय. आपण हाउसिंगच्या बोअरचा प्रॉब्लेम सोडवला होता, त्यातल्या माझ्या कामाबद्दल आपण तीन-चार ओळी लिहिल्यात तर फार मदत होईल. सवड मिळेल तेव्हा चालेल.’ नेमकं काम आठवून दिलं की चांगला साहेब नाही म्हणत नाही, आणि शिफारसही नेमकी येते.

बाकीच्या गोष्टी पटकन उरकण्यासारख्या आहेत. फोटो अलीकडचा, चेहरा स्पष्ट, लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापलेला नको. प्रोफाइलच्या पत्त्याच्या शेवटी आपोआप आलेले आकडे काढून स्वतःचं नाव ठेवा, सीव्हीवर तो नीट दिसतो. मोबाइल अ‍ॅपवर आपल्या नावाचा उच्चार दहा सेकंदांपर्यंत रेकॉर्ड करता येतो. बेंगळुरूच्या किंवा परदेशातल्या रिक्रूटरला आपली आडनावं उच्चारताना त्याची मदत होते. जन्मतारीख, घरचा पत्ता, आधार क्रमांक यातलं काहीही प्रोफाइलवर टाकू नका. आणि एका बैठकीत सगळं बदलणार असाल तर ओळखीच्यांना बदल कळवण्याचं बटण आधी बंद करा, नाहीतर ऑफिसात दुसऱ्या दिवशी चर्चा.

‘ओपन टू वर्क’चं थोडं नीट समजून घ्या. त्यात दोन पर्याय आहेत. एकात फोटोभोवती हिरवी पट्टी येते आणि सगळ्यांना दिसतं. दुसऱ्यात फक्त रिक्रूटर साधन वापरणाऱ्यांना दिसतं. हातात नोकरी असेल तर दुसरा घ्या. तुमच्या सध्याच्या कंपनीच्या रिक्रूटरना ते दिसू नये याची काळजी लिंक्डइन घेतं, पण पूर्ण हमी देत नाही; कंपनी बाहेरच्या कन्सल्टन्सीमार्फत भरती करत असेल तर बातमी पोचू शकते. नोकरी सुटलेली असेल तर हिरव्या पट्टीची लाज बाळगू नका. ‘ओपन टू वर्क’मध्येच कोणत्या शहरांत काम करायची तयारी आहे तेही सांगता येतं. सांगली किंवा जळगावला राहणाऱ्याने इथे पुणे घातलं नाही, तर पुण्याच्या शोधात तो मागे राहतो. नोटीस पिरियड किती आणि तो कमी होऊ शकतो का, हेही ‘अबाउट’मध्ये लिहून टाका. आपल्याकडे पहिल्या फोनवर हाच प्रश्न येतो.

कारखाने, बँका, कॉल सेंटर यांची बरीच भरती आजही १९९७ पासून चालत आलेल्या नोकरी डॉट कॉमवरून होते, तेव्हा तिथलं प्रोफाइलही अद्ययावत ठेवा. दोन्हीकडच्या आणि सीव्हीवरच्या तारखा महिन्यापर्यंत जुळल्या पाहिजेत. पीएफच्या यूएएन खात्यात प्रत्येक नोकरीची नोंद असते आणि पडताळणी करणारे ती पाहतात.

रोज पोस्ट टाकल्याशिवाय रिक्रूटर येत नाहीत, हा समज मनातून काढून टाका. आलेल्या मेसेजला दिवसभरात उत्तर देणं त्याहून मोलाचं आहे, नकार द्यायचा असला तरी. आपल्या उद्योगातल्या रिक्रूटरना स्वतःहून ओळखीची विनंती पाठवा आणि सोबत दोन वाक्यं लिहा : काय काम करता, कोणतं काम हवं आहे. ‘प्लीज हेल्प मी फॉर जॉब’ यावर कोणाला काहीच करता येत नाही.

प्रोफाइल चांगलं झालं की भामटेही येतात, म्हणून बजावून सांगतो. खऱ्या रिक्रूटरला पैसे कंपनी देते. नोंदणी फी, ट्रेनिंगचे पैसे, लॅपटॉपचं डिपॉझिट यातलं काहीही मागितलं की संवाद तिथेच थांबवा. ईमेल कंपनीच्या पत्त्यावरून आलाय का ते पाहा. परदेशातल्या कामाचं बोलणं असेल तर एजंट केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत आहे का, हे तपासल्याशिवाय पासपोर्ट देऊ नका. म्यानमार आणि कंबोडियात चांगल्या नोकरीच्या नावाने नेऊन सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबलेल्यांत भारतीय तरुणही होते. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा.

बदल केल्यावर तीन-चार आठवडे थांबा आणि लिंक्डइन दाखवतं ते ‘सर्च अपिअरन्सेस’ पाहा. आठवडाभरात तुम्ही किती शोधांत आलात हे तिथे कळतं. शोधांतच येत नसाल तर पद, ठिकाण, कामाचे शब्द चुकताहेत. शोधांत येता पण प्रोफाइल कोणी उघडत नाही, तर नावाखालची ओळ बदला. उघडतात पण मेसेज येत नाही, तर अनुभवाच्या रकान्यात अजून काम दिसत नाही.

नोकरी आज बदलायची नसली, तरी घरच्या वहीत दर महिन्याला चार ओळी लिहीत जा : कोणती अडचण आली, मी काय केलं, काय फरक पडला. कंपनीची कागदपत्रं घरी आणायची नाहीत, ती कंपनीची असतात. आपण काय केलं याची आठवण मात्र आपली असते. राजीनामा दिल्यावर ऑफिसचा लॉगिन बंद होतो आणि मग पाच वर्षांतलं काम आठवून आठवूनही हाती लागत नाही. या महिन्याच्या चार ओळी आजच लिहून ठेवा.